एक जिंकते, पाच राबतात

सायकल शर्यतीच्या शेवटी हात उंचावणारी एकच जण आपल्याला दिसते, म्हणून हा खेळ एकटीचा वाटतो. तो तसा नाही. व्यावसायिक महिला सायकलपटूचं वर्ष समजून घ्यायचं, तर सुरुवात डिसेंबरच्या सराव शिबिरापासून करू.

युरोपात तेव्हा कडाक्याची थंडी असते. म्हणून बरेच संघ स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, काल्पेसारख्या गावात मुक्काम टाकतात. पंधरा-वीस जणींपैकी कोणी कोणत्या शर्यती धावायच्या, कुठे कोणासाठी राबायचं, हे तिथे ठरतं. नवख्या मुली इथेच फसतात. व्यवस्थापकांवर छाप पाडायला त्या सरावातला प्रत्येक चढ शर्यतीसारखा चढतात आणि एप्रिल उजाडेपर्यंत पाय संपतात.

जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या परिसरात ‘टूर डाउन अंडर’ होते आणि मोसम उघडतो. फेब्रुवारीअखेर मुक्काम बेल्जियमला हलतो.

मग येतात वसंतातल्या एकदिवसीय शर्यती, ज्यांना ‘क्लासिक’ म्हणतात. यात संघाकडून सहा जणी उतरतात. एक नेतृत्व करणारी, बाकीच्या ‘दोमेस्तीक’. या फ्रेंच शब्दाचा अर्थ चक्क घरगडी! तिचं मुख्य काम वारा अडवणं. पुढच्या सायकलच्या आडोशाला चालवलं की बरीच शक्ती वाचते. म्हणून दोमेस्तीक पुढे राहून वारा खाते आणि नेतृत्व करणारी तिच्या मागे पाय राखून ठेवते. संघाच्या मागच्या मोटारीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणणं, वेळ पडली तर आपलं चाक काढून देणं, हेही तिचंच.

बेल्जियममध्ये वारा बाजूने येतो तेव्हा खरी परीक्षा. आडोसा तिरपा पडतो, म्हणून सायकली रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या ओळीत लागतात. रस्त्याची रुंदी संपली की ओळ संपली. जिला जागा मिळाली नाही ती उघड्यावर पडते आणि मिनिटभरात मागे फेकली जाते. यात ताकदीपेक्षा वळणाआधीच पुढे सरकण्याचं भान महत्त्वाचं.

ठरलेलं कधीकधी छान बिघडतंही. ‘पारी-रुबे’ ही ओबडधोबड दगडी रस्त्यांची शर्यत पुरुषांसाठी १८९६पासून आहे. बायकांना ती मिळाली ऑक्टोबर २०२१मध्ये. ब्रिटनची लिझी डाइग्नन त्या दिवशी आपल्या संघातल्या दुसऱ्यांना सांभाळायला पुढे गेली होती. शेवट ऐंशीएक किलोमीटरवर असताना ती एकटी निसटली, कोणाच्या हाती लागली नाही आणि जिंकली. उतरली तेव्हा हँडलच्या पट्टीवर तिच्या हातांचं रक्त होतं.

मे ते ऑगस्ट टप्प्यांच्या शर्यती: आधी स्पेन, मग इटली, मग फ्रान्स. रोज नवा टप्पा आणि सगळ्या वेळांची बेरीज. इथे हमखास घोटाळा होतो तो खाण्यात. भूक लागल्यावर खायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साखर-पिठाचे पदार्थ, पोटात जावी लागतात. जेल, भाताच्या वड्या, गोड पाणी, जे पचेल ते. एक तास चुकला की घाटात पाय दगड होतात.

दुसरा घोटाळा माणसांचा. २०२४च्या फ्रान्सच्या शर्यतीत, म्हणजे ‘टूर द फ्रान्स फाम’मध्ये, पाचव्या टप्प्याला, शेवट सहाएक किलोमीटरवर असताना, पिवळ्या जर्सीतली, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेली, डेमी व्होलेरिंग पडली. पुढे तिच्याच संघाची ब्लांका वाश टप्पा जिंकली आणि मागे व्होलेरिंगचं एक मिनिट ४७ सेकंदांचं नुकसान झालं. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझ घाटाच्या माथ्यावर व्होलेरिंग पहिली आली, तरी एकूण वेळेत पोलंडची कासिया नेवियादोमा चार सेकंदांनी जिंकली. मला विचाराल तर संघ म्हणजे काय हे शिकवायला तो पाचवा टप्पाच पुरेसा आहे.

सप्टेंबरात जागतिक अजिंक्यपद. तिथे सायकलपटू देशाकडून उतरतात. वर्षभर जिच्यासाठी वारा खाल्ला, तिच्याचविरुद्ध त्या दिवशी झुंजायचं!

पैशाचंही सांगायला हवं. सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांना किमान पगाराचं बंधन लागलं ते थेट २०२०मध्ये आणि तेव्हा तो वर्षाला १५,००० युरो होता. पुढे तो वाढत गेला. संघ बदलण्याची मुभा १ ऑगस्टपासून सुरू होते, त्यामुळे करार संपत आलेल्या कितीतरी जणी ऐन मोसमात पुढच्या वर्षाच्या चिंतेत असतात. व्होलेरिंग २०२५मध्ये दुसऱ्या संघाकडून उतरली.

पुढच्या वेळी शर्यत लावाल तेव्हा शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये घोळक्याच्या तोंडाशी कोण आहे ते पाहा. थोड्या वेळाने ती मागे पडेल आणि कॅमेरा तिला सोडून पुढे जाईल. तिचं त्या दिवसाचं काम तिथे पूर्ण झालेलं असतं.