किलेअर्कात कॅप्टन ग्रिंडलेच्या चित्रासोबत

सकाळी ६. थंडीत निसर्गचित्राचा वर्ग असला की सामान उजाडायच्या आत भरून ठेवावं लागतं. बोर्ड, पाण्याच्या बाटल्या, रुंद ब्रश, चिकटपट्टी. आज पिशवीत एक छापील प्रतही आहे : कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडलेचं ‘औरंगजेबाच्या महालाच्या अवशेषांतून औरंगाबाद’. ग्रिंडले (१७८६–१८७७) कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. चित्रं हौसेनं काढायचा. १८२६ ते १८३० या काळात लंडनला निघालेल्या त्याच्या पश्चिम भारताच्या चित्रसंग्रहात दौलताबाद आणि वेरूळच्या जोडीला आपलं शहरही, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आहे. पुढे ग्रिंडलेज बँक म्हणून नावारूपाला आलेली पेढीही त्याचीच.

७. किलेअर्क. औरंगजेबानं १६९२ साली बांधलेल्या महालाची ही उंचवट्याची जागा, दिल्ली दरवाजा आणि मकई दरवाजा यांच्या मधली. मुलं हळूहळू जमतात, कोणी चहा पिऊन, कोणी पोह्यांची पुडी हातात घेऊन. चित्राची प्रत सगळ्यांच्या हातातून फिरते.

साडेसात. पेन्सिल. शहराकडे बघायचं म्हणजे तोंड दक्षिणेला. उन्हं डावीकडून येतात आणि पडक्या भिंतीच्या कडा सुऱ्यासारख्या लखलखतात. मी एकच सांगतो : आधी नजर बसवा, मग हात चालवा. एक मुलगी कमानीतली प्रत्येक वीट मोजून काढायला बसते. “अगं, विटा नंतर. आधी सावलीचा एकच मोठा आकार धर.”

९. रंग. ट्यूब पिळली की रंग तयार, ही आपली सोय. ग्रिंडलेच्या काळी जलरंगाच्या कडक वड्या मिळायच्या. लंडनच्या रीव्हज मंडळींनी १७८० च्या सुमारास त्या आणल्या. बशीत पाणी घेऊन वडी घासत बसायचं, तेव्हा कुठे वॉशपुरता रंग निघायचा. इथली कोरडी हवा तर रंगाला उसंत देत नाही. आकाशाचा वॉश वरून निम्म्यावर येतो तोवर वरची कड वाळून रेघ उमटते. म्हणून बोर्ड थोडा तिरका ठेवायचा, ब्रश रंगानं भरलेला हवा आणि खाली साचणारा थेंब न तोडता ओढत न्यायचा. मागे वळून दुरुस्ती करायला गेलात की आकाश फाटलंच म्हणून समजा.

साडेदहा. एक मुलगा विचारतो, “सर, हे सगळं त्यानं इथंच बसून रंगवलं?” नाही. जागेवर व्हायचं ते रेखाटन. अशा संग्रहांसाठी लंडनचे व्यावसायिक चित्रकार ते नव्यानं बेतायचे, मग ॲक्वाटिंटची तांब्याची पाटी तयार व्हायची आणि छापलेल्या प्रतींवर हातानं रंग भरले जायचे. तेव्हा छापील चित्रातलं आभाळ दख्खनचं आहे असं धरून चालू नका. जागा, उंची, काय पुढे आणि काय मागे, एवढ्यापुरती साक्ष घ्यावी आणि तीही ताडून.

१२. ऊन थेट समोर येतं, कागद डोळ्यांत खुपतो. डबे उघडतात. जेवताना बोलणं वळतं ते फौजेकडे. सैन्याला नकाशे लागत, किल्ल्यांची रेखाटनं लागत. १८०९ साली निघालेल्या कंपनीच्या ॲडिस्कम्बच्या लष्करी विद्यालयात चित्रकला हा विषयच होता. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात राहून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. इतक्या वर्षांचं काम एका आगीत जावं, याची मला आजही हळहळ वाटते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या काळच्या विलायती रसिकांना पडझड फार प्रिय. म्हणून नावातही आधी अवशेष आणि मग शहर. १६१० साली मलिक अंबरनं वसवलेल्या खडकीचं हे नांदतं गाव, त्याच्या नहरी, बाजार, हिमरूचे माग, हे सगळं पडक्या महालाच्या मागचा देखावा होऊन बसतं. ग्रिंडलेची मेहनत मी मानतो. त्याची चौकट मात्र मुलांनी उसनी घेऊ नये.

४. म्हणून दुपारनंतर पडकं सोडून शहागंजला. घड्याळाचा मनोरा, त्याखालच्या हातगाड्या, वायरींचं जाळं, गच्चीवरच्या काळ्या टाक्या. मुलं वायरी गाळायला बघतात. मी गाळू देत नाही. दोनशे वर्षांनी कोणी हे चित्र पाहील तेव्हा त्याला त्या वायरीच हव्या असतील.

साडेसहा. उजेड सरतो. पाणी ओतून द्यायचं, ब्रश पुसायचे आणि कागद उलटा करून जागा, तारीख, वेळ आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहायचं. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : आपल्या घराजवळचा दरवाजा, तट किंवा गल्ली एकदा तरी बसून काढा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल, पण कागदामागची ही नोंद चुकवू नका.