वेब उपयोजनातील स्वनिर्मित त्रुटीपृष्ठांची चाचणी : एएसपी डॉट नेटच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

महाजालावरील कोणतेही उपयोजन कधी ना कधी अडखळतेच. मागितलेले पान सापडत नाही, डेटाबेसशी संपर्क तुटतो किंवा आज्ञावलीतील चूक उघडी पडते. अशा वेळी वापरकर्त्यासमोर येणाऱ्या पानास त्रुटीपृष्ठ म्हणतात. असे पृष्ठ तयार करण्याची तत्परता बहुतेक ठिकाणी दिसते. त्याची चाचणी मात्र क्वचितच होते. यामागे केवळ निष्काळजीपणा नसून प्रणालीची रचनाही कारणीभूत आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

विकासकाला न दिसणारे पान :

एएसपी डॉट नेटच्या पारंपरिक रचनेत वेब डॉट कॉन्फिग या फाईलमध्ये 'कस्टमएरर्स' हा घटक असतो. त्यास 'ऑन', 'ऑफ' व 'रिमोटओन्ली' यांपैकी एक मूल्य देता येते. काहीच न दिल्यास 'रिमोटओन्ली' गृहीत धरले जाते. म्हणजे सर्व्हर ज्या संगणकावर चालतो त्याच संगणकावरून पाहणाऱ्यास त्रुटीचा सविस्तर तपशील दिसतो, तर बाहेरून येणाऱ्यास स्वनिर्मित पृष्ठ. विकासक आपल्याच संगणकावर काम करीत असल्याने वापरकर्त्याला दिसणारे पान त्याच्या दृष्टीस पडतच नाही! म्हणून चाचणी दुसऱ्या संगणकावरून करावी किंवा तेवढ्यापुरते मूल्य 'ऑन' ठेवावे. सार्वजनिक सर्व्हरवर 'ऑफ' राहून गेल्यास फाईलींचे मार्ग व आज्ञावलीच्या ओळी कोणाही परक्यास वाचता येतात.

पान आणि संकेतांक :

डोळ्यांना पान योग्य दिसले म्हणजे चाचणी झाली, हा समज चुकीचा आहे. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक संकेतांक पाठवितो : पान नसल्यास ४०४, अंतर्गत बिघाड असल्यास ५००, सेवा तात्पुरती बंद असल्यास ५०३. एएसपी डॉट नेटच्या मूळ पद्धतीत त्रुटी येताच ब्राउझरला ३०२ हा संकेतांक देऊन दुसऱ्या पानाकडे वळविले जाते आणि ते पान, वेगळी तजवीज नसल्यास, २०० म्हणजे 'सर्व ठीक' असे सांगते. परिणामी शोधयंत्रे अस्तित्वात नसलेली पाने खरी मानू शकतात. अपाची सर्व्हरमध्ये 'एररडॉक्युमेंट'पुढे संपूर्ण पत्ता लिहिल्यासही मूळ संकेतांक असाच हरवतो. 'कर्ल' या साधनाने किंवा ब्राउझरच्या विकासक-साधनांतून संकेतांक तपासता येतो.

२०१० चा धडा :

संकेतांक अचूक असणे नेहमीच सुरक्षित असते असे नाही. सप्टेंबर २०१० मध्ये हुलियानो रिझो व थाई डुओंग या संशोधकांनी एएसपी डॉट नेटवरील 'पॅडिंग ओरॅकल' हल्ला दाखवून दिला. कूटबद्ध मजकुरात बदल करून तो सर्व्हरकडे वारंवार पाठवायचा आणि प्रत्येक वेळी कोणत्या प्रकारची त्रुटी येते ते पाहून मूळ मजकूर उलगडायचा, असे त्याचे स्वरूप होते. ४०४ व ५०० यांतील फरकच हल्लेखोराचा मार्गदर्शक ठरत होता. त्यामुळे १७ सप्टेंबरच्या सूचनेत मायक्रोसॉफ्टने सर्व त्रुटींसाठी एकच पान दाखविण्याचा तात्पुरता उपाय सुचविला. २८ सप्टेंबरला दुरुस्ती उपलब्ध झाल्यावर त्याची गरज उरली नाही. या काळात आपली त्रुटीपृष्ठे बाहेरून तपासून पाहणे महत्त्वाचे होते.

प्रत्यक्ष चाचणी :

नसलेला पत्ता टाकून ४०४ सहज निर्माण करता येतो. ५०० साठी चाचणी-प्रतीत मुद्दाम चूक करावी आणि त्यानंतर डेटाबेस बंद करून पाहावे. त्रुटीपृष्ठाचा शीर्षभाग स्वतःच डेटाबेसवर अवलंबून असल्यास तेही कोसळते. म्हणून ५०० चे पान शक्यतो स्थिर असावे. मराठी मजकुराबाबत एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. हे स्थिर पान उपयोजनाबाहेरून येत असल्याने त्यात यूटीएफ-८ चा उल्लेख राहून गेल्यास देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे उमटू शकतात. मजकूरही तपासावा. निकालाच्या दिवशी सर्व्हरवर ताण आला असता 'पान सापडले नाही' असे वाचणारा विद्यार्थी आपला निकालच नाही असे समजू शकतो. तेथे ५०३ हा संकेतांक आणि 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा' एवढे वाक्य हवे.