दोघंच निघताना
राजगड-तोरणा-रायगड हा सह्याद्रीतला तीन-चार दिवसांचा ट्रेक दोघं मित्र ठरवतात, तेव्हा बोलणी सुरू होतात ती बहुधा सॅक, तंबू आणि बुटांपासून. माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा तो माघारीचा: कुठल्या ठिकाणी, किती वाजता आणि कोणाच्या शब्दावर परत फिरायचं? चौघांच्या गटात एकाचा पाय मुरगळला, तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि उरलेले दोघं मदत आणायला जातात. दोघांच्या जोडीत ही सोय नाही. जखमीला एकटं सोडणं किंवा दोघांनीही अडकून बसणं, एवढेच पर्याय उरतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर गावाकडे उतरणारी वाट आधीच नकाशावर खुणावलेली हवी. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने उतरलं की तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत डोंगराची धार लागते. मध्ये खिंडीत ती एका गाडीरस्त्याला ओलांडते. दमलेल्याने मोडतं घ्यायची ती खरी जागा. तिथून पुढे सरकल्यावर निर्णय अवघड होत जातो. तोरण्यानंतर मोहरी-सिंगापूरकडून कोकणात उतरणाऱ्या नाळांत तर सुट्या दगडगोट्यांतून, आधाराला हात लावत उतरावं लागतं. तिथे अंधार पडू देणं म्हणजे संकटाला बोलावणं.

वेळेचा हिशोब हळू चालणाऱ्याच्या पावलाने करावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये दिलेला ढोबळ नियम आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. पण हा हिशोब सुदृढ माणसाचा आणि बऱ्या वाटेचा आहे. पाठीवर ओझं आणि पायाखाली घसारा असेल, तर त्यात भरपूर वाढ धरावी. पाणी हा त्याहून कठीण प्रश्न. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि धारेवर भरवशाचं पाणी नाही. गडावरची टाकी हिवाळ्यात साथ देतात. मार्चनंतर त्यांच्या भरवशावर निघू नये. तंबू, स्टोव्ह, पातेली वाटून घ्यावीत, हे बरोबरच. पाणी, टॉर्च, शिट्टी, गरम कपडा आणि दिवसभराचा खाऊ मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्येच हवा, कारण धुक्यात चुकामूक होते ती नेमकी दोघांतच.

इतकं आखून घेतलं तर भटकंतीतली मोकळीक जाते, असं काहींना वाटतं. उलट, माघारीची जागा ठरलेली असली की थकलेला मित्र संकोच न करता बोलतो आणि दुसऱ्याला ते मन मोडल्यासारखं वाटत नाही. फोनवर नकाशा आहे, हा आक्षेपही अपुरा आहे. नकाशा आधी उतरवून घेतला तरी बॅटरी संपते आणि नाळेत रेंजचा भरवसा नसतो. म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामांची गावं, उतरायच्या वाटा आणि परतायची वेळ एका कागदावर लिहून घरच्या माणसाकडे द्या. त्या वेळेपर्यंत तुमचा फोन आला नाही, तर 112 वर कळवायचं, हेही त्यांना सांगून ठेवा.