दोन मुखांचे हरिण

अद्भुत कथेचा भाव चित्रातील रंगांतून आणि छायाप्रकाशातून उमटावा, ही अपेक्षा महाराष्ट्रात मुख्यतः तैलचित्रे आणि त्यांच्या छापील तसबिरी यांमुळे रूढ झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी मात्र या अपेक्षेत बसत नाही. चित्रे दाखवीत आख्यान गाऊन सांगण्याच्या या परंपरेत एका आख्यानाच्या सुट्या चित्रसंचाला पोथी म्हणतात, आणि दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असल्याने पान उलटताच पुढचा प्रसंग श्रोत्यांसमोर येतो.

प्रसंग रात्रीचा असो वा दिवसाचा, पार्श्वभूमीचा कागद बहुधा कोराच राहतो, अरण्य एखाद्या झाडाने सूचित होते, आणि बाजूने रेखाटलेल्या चेहऱ्यांवरचे टपोरे डोळे शोकातही तसेच विस्फारलेले असतात. सीताहरणातील मायावी मृगाला काही चित्रांत एकाच धडावर दोन मुखे दिलेली आढळतात. पळता पळता मागे वळून पाहणारे, रामाला भुलवून दूर नेणारे हरिण एका स्थिर आकृतीत बसवण्याचा हा मार्ग असावा. शिवाय मृगाच्या रूपाआड मारीच राक्षस दडलेला असल्याने ती दोन मुखे त्याच्या कपटाचेही प्रतीक ठरतात. हुबेहूबपणाच्या मागे लागलेल्या चित्रकाराला हे साधणे कठीणच.

भाव उभा करण्याचे काम गायकाकडे असते. नवरात्रात देवळात बसून वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने तो स्वर चढवतो, उतरवतो, आणि त्याबरोबर चित्रातले तेच अविचल मुख कधी व्याकूळ, कधी संतप्त भासू लागते. मुद्रा आधीच ठरवून रंगवली असती तर गायकाला एवढी मोकळीक उरली नसती. याउलट राजा रविवर्मा यांच्या १८९९ मधील ‘हंस-दमयंती’त नायिकेची उत्कंठा चित्रातच पूर्ण झालेली असल्याने ते भिंतीवर एकटे शोभते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील या परंपरेची, पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी, चित्रे कोणाला सपाट वाटली, तर त्यात चित्रांचा दोष नाही, कारण तेथे आख्यान ऐकू येत नाही. पिंगुळीत मात्र २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झालेले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले असून तेथे चित्रांच्या जोडीला कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही पाहावयास मिळतात.