विश्लेषण : टायर नवे, तरी कार्ट संथ का? रेसिंग कार्टचे ‘सेटिंग’ टायरनुसार का बदलावे लागते?

कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. फॉर्म्युला-२ पर्यंत पोहोचलेल्या मुंबईच्या जेहान दारूवालाची सुरुवातही कार्टिंगमधूनच झाली. त्यामुळे राज्यातील अनेक पालकांना हा खेळ आता परका राहिलेला नाही आणि त्याचा खर्चही. या खर्चातला सतत वाढत जाणारा भाग म्हणजे टायर. मात्र स्पर्धेच्या नियमांनुसार टायरचा प्रकार बदलला आणि जास्त पकड देणारे मऊ रबर आले, की कित्येकदा वेळ कमी होण्याऐवजी वाढतो. मग इंजिनावर संशय घेतला जातो, ते खोलले जाते, नवे सुटे भाग येतात. खरा दोष बहुतेक वेळा इंजिनात नसतोच.

कार्ट वळते तरी कशी?

रेसिंग कार्टला सस्पेन्शन नसते आणि डिफरेन्शियलही नसते. मागची दोन्ही चाके एकाच सलग ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात, म्हणजे ती एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. मागच्या दोन टायरच्या मध्यांमधले अंतर १.२ मीटर धरले, तर १८० अंशांच्या हेअरपिन वळणात दोन्ही चाकांच्या मार्गात सुमारे ३.८ मीटरचा फरक पडतो. वळण मोठे असो वा लहान, हा फरक तेवढाच राहतो. एकाच वेगाने फिरणाऱ्या चाकांना हे जमणार कसे? एक तर चाक फरफटेल, नाही तर आतले चाक जमिनीवरून उचलले जाईल.

कार्ट दुसरा मार्ग निवडते. पुढच्या चाकांच्या भूमितीत ‘कास्टर’ नावाचा कोन दिलेला असतो. स्टीअरिंग फिरवले की या कोनामुळे आतले पुढचे चाक चॅसीच्या तुलनेत खाली दाबले जाते आणि बाहेरचे वर जाते. चॅसी तिरकी होते आणि आतल्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो. उरलेले काम वळणातला आडवा जोर करतो. स्टीलच्या नळ्यांची चॅसी किंचित पिळवटते आणि ते चाक क्षणभर हवेत जाते. कार्टची संपूर्ण चॅसी म्हणजेच तिचे सस्पेन्शन, असे म्हणतात ते यासाठी.

मग नव्या टायरने बिघडते काय?

आडवा जोर किती, हे टायरच्या पकडीवर ठरते. पकड वाढली की आतले चाक गरजेपेक्षा जास्त उंच आणि जास्त वेळ उचलले जाते. सगळा भार बाहेरच्या मागच्या चाकावर येतो. कार्ट वळणात उड्या मारू लागते, वळण संपताना अडखळते आणि इंजिनाचे फेरे खाली येतात. चालकाला वाटते, इंजिन ओढत नाही. टोकाच्या स्थितीत कार्ट दोन चाकांवर जाऊन उलटूही शकते. शिवाय कार्टमध्ये चालकाला सीट-बेल्ट नसतो, वळणातला जोर तो सीटच्या कडेवर बरगड्यांनी पेलतो. बरगड्यांची दुखापत या खेळात नवी नाही. त्यामुळे पकड वाढली की रिब प्रोटेक्टर आणि नेमक्या मापाची सीट या गोष्टी टायरइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

यावरचा उपाय म्हणजे उचल कमी करणे. त्यासाठी मागचे हब ॲक्सलवर बाहेर सरकवून रुंदी वाढवली जाते. नियमांची मर्यादा साधारण १४०० मिलिमीटर असल्याने तिथे फार वाव उरत नाही. मग पुढच्या चाकांचे स्पेसर काढून पुढची रुंदी कमी केली जाते, कास्टर कमी केला जातो, गरज पडल्यास सीट थोडी खाली घेतली जाते किंवा मऊ ॲक्सल बसवला जातो. कठीण रबराचे टायर आले तर हे सगळे उलट करायचे. मात्र हा सर्वसाधारण अनुभव आहे, सूत्र नव्हे. एकाच बदलाचा परिणाम दोन वेगळ्या चॅसींवर वेगळा दिसू शकतो.

हवेचा हिशेब

सर्वात स्वस्त बदल हवेच्या दाबाचा आहे आणि दुर्दैवाने सर्वात कमी लक्षही त्याकडेच जाते. समजा ३० अंश तापमानाला टायरमध्ये १० पीएसआय हवा भरली. फेऱ्यांनंतर आतली हवा ७५ अंशांवर गेली, तर दाब सुमारे १३.७ पीएसआय होतो. (हिशेब करताना वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब मिळवावा लागतो, नाही तर उत्तर चुकते.) म्हणून अनुभवी मेकॅनिक थंड दाबापेक्षा ट्रॅकवरून परत आल्यावरचा गरम दाब नोंदवतात. मऊ टायर लवकर तापतो, म्हणून तो कमी दाबावर सुरू करतात. कठीण टायर लवकर ‘जागा’ व्हावा म्हणून जास्त दाबावर. सुई टोचून तापमान मोजले तर टायर स्वतःच उत्तर देतो. मधला भाग कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा गरम असतील तर कमी.

दात वाढवायचे की घटवायचे?

टायरचा व्यास बदलला की गिअरिंगही नकळत बदलते. मागच्या टायरचा व्यास ११ इंच, म्हणजे सुमारे २७९ मिलिमीटर असतो. नवा टायर झिजलेल्यापेक्षा ४ मिलिमीटर मोठा निघाला, तर परिघात सुमारे दीड टक्क्याचा फरक पडतो. मागच्या स्प्रॉकेटला ८० दात असतील, तर हा फरक एका दातापेक्षा थोडा जास्त भरतो. या हिशेबाने एक दात वाढवायला हवा. पण टायरची पकडही वाढली असेल, तर कार्ट वळणातून जास्त वेगाने बाहेर पडते, इंजिनाचे फेरे तितके खाली जात नाहीत, आणि मग एखादा दात कमी करणे फायद्याचे ठरू शकते. दोन कारणे परस्परविरुद्ध दिशेने ओढतात. म्हणून आधी टेपने परीघ मोजायचा, डाव्या-उजव्या टायरचा जुळतो का पाहायचे आणि सरळ भागाच्या शेवटी इंजिनाचे फेरे किती जातात यावरून निर्णय घ्यायचा.

चाचणीत चूक कुठे होते?

एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या जातात. वेळ सुधारली तरी नेमके श्रेय कशाला, हे कळत नाही. शिवाय दिवसभरात ट्रॅकवर रबर बसत जाते आणि पकड आपोआप वाढते. सकाळच्या सेटिंगपेक्षा दुपारचे वेगवान ठरले, तर ते सेटिंगमुळे की ट्रॅकमुळे? म्हणून एक बदल करून चालवायचे, मग मूळ सेटिंगवर परत जाऊन पुन्हा चालवायचे. वेळखाऊ आहे, कंटाळवाणेही, पण सुट्या भागांपेक्षा नक्कीच स्वस्त. अगदी कोऱ्या टायरच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या तर मोजूच नयेत, कारण साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा थर तेव्हा निघत असतो.

पावसात मात्र सगळेच उलटे होते. पकडच नसल्याने आतले चाक उचलतच नाही आणि कार्ट वळणात सरळ जाऊ लागते. तेव्हा पुढची रुंदी वाढवतात, मागची घटवतात, कास्टर वाढवतात. पावसाळ्यात सराव करणाऱ्या चालकाला सकाळचा कोरडा ट्रॅक आणि दुपारची सर एकाच दिवशी भेटते, आणि हे सगळे पाने-स्पॅनर घेऊन दोन सत्रांच्या मधल्या वेळेत उरकावे लागते.