आइनस्टाइनही कसोटीच्या दगडावर!

मैत्रिणींनो, सोनार कितीही ओळखीचा असला तरी कसाला लावल्याशिवाय आपण सोनं घेत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे सिद्धांतही असेच घासून पाहावे लागतात. आइनस्टाइन यांनी 1915 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. तो पारखायचा तर दगडही तसाच जबरदस्त हवा. तो दगड म्हणजे कृष्णविवर!

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत बचत गटातल्या बायका विचारतात, "ताई, ते कृष्णविवर आपल्याला गिळणार का हो?" मुळीच नाही! आज ज्याची गोष्ट सांगतेय ते हजारो प्रकाशवर्षं दूर, गरुड तारकासमूहात आहे. वस्तुमान सूर्याच्या सुमारे 12 पट. नाव जीआरएस 1915+105. यातलं 1915 हा त्याचा आकाशातला पत्ता. साल जुळलं हा योगायोग.

कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडत नाही. मग ते कळतं कसं? शेजारच्या ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो. मोरीच्या जाळीपाशी पाणी गरगरतं ना, तसा हा वायू गरगरत चकतीसारखा पसरतो, घर्षणाने प्रचंड तापतो आणि क्ष-किरण सोडतो. हाड मोडलं की फोटो काढतात, तेच हे किरण. आकाशातून येणारे हे किरण आपली हवा अडवते, म्हणून उपग्रह लागतो.

इस्रोने 28 सप्टेंबर 2015 रोजी 'अ‍ॅस्ट्रोसॅट' सोडला. त्यावरची क्ष-किरण टिपणारी महत्त्वाची उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. त्यांना दिसलं, की या वायूचे क्ष-किरण सेकंदाला साधारण तीन ते पाच वेळा कमी-जास्त होतात. ही लुकलुक का?

पुण्याच्या 'आयुका'तले रणजीव मिश्रा, तसंच दिव्या रावत, जे. एस. यादव आणि पंकज जैन यांनी 2020 साली उत्तर मांडलं. चकतीची आतली कड विवरापासून किती दूर आणि वायू किती प्रमाणात आत पडतोय, हे दोन्ही एकत्र धरलं की लुकलुकीचं गणित बसतं. आइनस्टाइनच्या सिद्धांतावरून हे गणित काही दशकं आधीच मांडलं गेलं होतं. विवर स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरतंय असं धरलं, की निरीक्षण त्याच्याशी जुळतं. सोनं कसाला उतरलं!

गंमत पाहा, 'आयुका'चे संस्थापक संचालक म्हणजे आपल्या कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर. त्यांनीच 1964 साली फ्रेड हॉयल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला होता. विज्ञानात आइनस्टाइनलाही प्रश्न विचारता येतो, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आपल्या घरात मात्र मुलीने "असं का?" विचारलं की आपण म्हणतो, "गप्प बस, मोठ्यांना उलट बोलू नये." कॉलेज लांब आहे म्हणून दहावीनंतर सायन्सही नको म्हणतो. वरच्या चार नावांत एक नाव बाईचं आहे, हे तिला जरूर सांगा. आणि तिच्या पुढच्या प्रश्नाला गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर दोघी मिळून शोधा.