खेळातला देव आणि त्याचा आकडा

संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आपण पालक मंडळी म्हणतो आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने 'नेटहॅक' नावाचा जुना खेळ दाखवला आणि मला माझे मत थोडे बदलावे लागले.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी 'रोग' हा खेळ रचला. (इंग्रजीत 'रोग' म्हणजे भामटा, आजार नव्हे!) त्याच्या धर्तीवर जे फेनलासन या शाळकरी मुलाने मित्रांच्या मदतीने 'हॅक' लिहिला. त्यातूनच १९८७ साली 'नेटहॅक' जन्मला.

मूळ खेळात चित्रे नाहीत, नुसती अक्षरे आणि चिन्हे. '@' म्हणजे आपण. भुयारात उतरायचे आणि तळातून एक ताईत वर आणायचा. भुयार दर डावाला नवे. मेलात की संपले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! इथे पाठांतर उपयोगी पडत नाही, समज लागते.

भाचीचा वीर उपासमारीने अर्धमेला झाला. तिने प्रार्थनेचा हुकूम दिला, देव पावला, पोट भरले. मी म्हणालो, "काय गं, आपल्या घरात हे केव्हापासून?"

ती हसली. "मामा, थांबा. तुम्हाला देवच दाखवते."

या खेळाची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. ती 'सी' या संगणकभाषेत लिहिलेली आहे. भाचीने ती उघडून एक आकडा दाखवला. डाव सुरू होताना तो ३०० असतो आणि सहसा दर खेळीला एकाने उतरतो. जिवावर बेतले असताना तो २०० किंवा त्याहून कमी असेल आणि इतर अटी पाळलेल्या असतील, तर देव पावतो. घाई केली तर कोपतो. प्रार्थना फळली की आकडा पुन्हा नव्याने ठरतो. "देव नाही मामा, वजाबाकी आहे!"

मग तिने ३०० च्या जागी शून्य लिहिले. लगेच जमले नाही. एक अर्धविराम राहिला म्हणून संगणकाने सारे नाकारले. दोन संध्याकाळी खपल्यावर खेळ चालला आणि देव पहिल्याच पावलाला प्रसन्न झाला! असे बदल करून इतरांना देण्याची मुभा खेळाच्या परवान्यातच आहे. अट एवढीच की, काय बदलले ते सांगावे आणि आपली संहिताही खुली ठेवावी. अशाच बदलांतून 'स्लॅशेम'सारखे नवे खेळ निघाले.

वाचकहो, ज्या नियमांना ईश्वरी म्हटले जाते ते माणसाने लिहिलेले असतात, हे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन करून दाखवून दिले. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर वाचण्याचीही बंदी होती, त्यांची लेक आज नियमांची वही स्वतः उघडते, वाचते आणि दुरुस्त करते, ही गोष्ट लहान नाही.

म्हणून मुलांच्या खेळाला वेळेची मर्यादा जरूर घाला. पण "किती वेळ खेळलास?" एवढेच विचारू नका. "हे आतून कसे चालते, ते पाहिलेस का?" हेही विचारा.